फोटो कुणाच्या भिंतीवर?

आमचे अब्बा कल्हईवाले होते. जुन्नरच्या पश्चिमेला, आपटाळ्यापासून घाटघरपर्यंत जी डोंगरातली गावं आणि वाड्या आहेत, तिथं ते फिरायचे. एसटीच्या टपावर भाता आणि कोळशाचं पोतं टाकायचं, खिशात कथलाची कांडी आणि नवसागराची पुडी. गावात पोचलं की झाडाखाली खड्डा खणून भट्टी पेटवायची. दिवाळीच्या आधी महिनाभर ते घरी फारसे दिसतच नसत.

मी दहावीत असताना एका साप्ताहिकाचा फोटोग्राफर आमच्या घरी आला. बुडत चाललेल्या धंद्यांवर त्यांचं काहीतरी सदर होतं. दिवस शुक्रवारचा. अब्बा जुम्म्याच्या नमाजाहून नुकतेच परतले होते, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. फोटोग्राफर म्हणाला, "चाचा, कामाचे कपडे घाला ना." अब्बांनी आत जाऊन काजळी लागलेला सदरा घातला. भट्टी बंद होती, ती पेटवली. फोटोग्राफरनं चहा घेतला, गोड बोलला, फोटो पाठवतो म्हणाला आणि गेला. फोटो काही आला नाही. तीन आठवड्यांनी अंक मात्र आला, तोही शेजाऱ्यांकडून. अंधारी खोली, धूर, त्यात अब्बांचा घामेजलेला चेहरा, आणि खाली उपेक्षित जीवनाबद्दल दोन ओळी. अब्बांना मराठी वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. बराच वेळ फोटो पाहून ते म्हणाले, "फोटू तो अच्छाच है बेटा. पन इसमें मैं किधर हूँ?"

हा प्रश्न मी पुष्कळ वर्षं विसरलो होतो. तो पुन्हा उभा राहिला एका अमेरिकन फोटोग्राफरचं काम पाहताना. आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे. त्यांचं नाव शेल्बी ली अ‍ॅडम्स. जन्म 1950चा, केंटकी राज्यातल्या हॅझर्ड गावातला. 1970च्या दशकापासून हा माणूस आपल्या मुलखातल्या डोंगरी माणसांचे फोटो काढतो आहे. कौतुक उदंड झालं आणि टीकाही तेवढीच झाली. त्यांच्या कामाबद्दल बोलायचं तर आधी तो मुलूख समजून घ्यावा लागतो.

अमेरिकेच्या पूर्वेला अ‍ॅपलाचिया नावाची डोंगररांग आहे. न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण भागापासून थेट अलाबामा, मिसिसिपीपर्यंत तेरा राज्यांतून हा प्रदेश पसरलेला आहे. पूर्व केंटकीतले डोंगर फार उंच नाहीत, पण एकमेकांना खेटून उभे आहेत. दोन डोंगरांच्या मधे अरुंद घळ, घळीतून ओढा, ओढ्याकाठी एकच रस्ता आणि रस्त्याच्या कडेनं दहापाच घरं. अशा घळीला तिथं 'हॉलर' म्हणतात. आपल्या मावळातलं एखादं चिंचोळं खोरं डोळ्यांसमोर आणा. एका हॉलरमध्ये बहुधा एकमेकांचे नातेवाईकच राहतात. अनोळखी गाडी आत शिरली की पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत बातमी पोचते.

या डोंगरांच्या पोटात दगडी कोळसा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाहेरच्या कंपन्यांचे दलाल इथं आले आणि त्यांनी शेतकऱ्यांकडून जमिनीखालच्या खनिजांचे हक्क विकत घेतले, तेही एकरी अगदी क्षुल्लक दामाला. कितीकांनी अंगठ्याच्या जागी फुली मारून करार केले. वरची जमीन आपलीच राहिली, असं शेतकऱ्याला वाटलं. कराराचा मसुदा मात्र असा होता की कोळसा काढण्यासाठी जे लागेल ते करायची कंपनीला मुभा. पुढे मोठाली यंत्रं आली, वरून डोंगर सोलून कोळसा काढण्याची पद्धत आली, आणि ज्यांच्या आजोबांनी सही केली त्यांच्या अंगणात बुलडोझर उभे राहिले. न्यायालयंही कंपन्यांच्या बाजूनं उभी राहिली. 1988 साली केंटकीच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून या करारांना वेसण घातली. तोपर्यंत फार उशीर झाला होता. गरिबीच्या फोटोत हा करार दिसत नाही. फोटोत दिसतो तो मोडका ओटा, ओट्यावरची अनवाणी मुलं आणि दात पडलेली म्हातारी.

बाहेरच्या अमेरिकेनं या लोकांना एक नाव दिलं, 'हिलबिली'. हा शब्द 1900 सालच्या आसपास वर्तमानपत्रात छापून येऊ लागला. अर्थ आपल्या 'गावंढळ'पेक्षा कडवट. आळशी, अडाणी, दारू गाळणारे, भावकीत लग्नं करणारे आणि कुणी आलं की बंदूक काढणारे, असा सगळा मसाला त्यात भरलेला. 1962 ते 1971 या काळात टीव्हीवर 'द बेव्हर्ली हिलबिलीज' ही विनोदी मालिका चालली. 1972 साली 'डिलिव्हरन्स' सिनेमा आला आणि डोंगरातला माणूस थेट भयपटातला राक्षस झाला. हसायचं किंवा घाबरायचं, तिसरी वाट ठेवलेलीच नव्हती.

फोटोग्राफर तर त्याआधीपासून येत होते. डॉरिस उलमन ही न्यूयॉर्कची श्रीमंत बाई. 1934 साली ती वारली. त्याआधीची काही वर्षं ती काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा घेऊन या डोंगरांत फिरली. तिचे फोटो फार सुंदर आहेत. सुतार, विणकर, टोपल्या करणारे, सगळे मऊ उजेडात, शांत. पण तिनं कित्येकांना आजीच्या पेटीतले जुने कपडे घालायला लावले होते, अडगळीतले चरखे बाहेर काढायला लावले होते. तिला जुनं, निष्पाप, हरवत चाललेलं जग हवं होतं. हे वाचलं तेव्हा मला अब्बांचा काजळीचा सदरा आठवला. एकीला पेटीतला झगा हवा होता, दुसऱ्याला भट्टीवरचा सदरा. अंगावर आज काय आहे, ते दोघांनाही नको होतं.

मग 1964 साल उजाडलं. जानेवारीत राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याच महिन्यात 'लाइफ' साप्ताहिकानं जॉन डॉमिनिस यांनी पूर्व केंटकीत काढलेले फोटो पानंच्या पानं छापले. 24 एप्रिलला जॉन्सन स्वतः मार्टिन काउंटीत इनेझ इथं एका बेकार माणसाच्या घराच्या ओट्यावर जाऊन बसले. आठ मुलांचा बाप होता तो. देशाचा अध्यक्ष गुडघे दुमडून आपल्या ओट्यावर बसलेला, हा फोटो देशभर गेला. तो माणूस मात्र जन्मभर 'गरिबीचा चेहरा' होऊन राहिला. पत्रकार वर्षानुवर्षं त्याच्या दाराशी येत राहिले, युद्ध जिंकलं की हरलं ते विचारायला.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या फोटोंनी काहीच भलं झालं नाही, असं म्हणता येणार नाही. अन्नाची कुपनं, गरिबांसाठी आरोग्य विमा, लहान मुलांच्या शाळा या योजना त्याच दोन वर्षांत कायद्यानं आल्या आणि त्यामागे जे जनमत उभं राहिलं त्यात या चित्रांचा वाटा होता. लोकांच्या घरात भाकरी आली. पण तिची किंमत लाजेत मोजली गेली. आपली आई, आपलं घर सबंध देशानं कीव करत पाहिलं, ही ती लाज.

त्याच डोंगरांतून 1965 साली अगदी वेगळा फोटोही बाहेर पडला होता. नॉट काउंटीतल्या ओली कोम्ब्स या साठी ओलांडलेल्या विधवा बाई आपल्या घरावरच्या डोंगरात आलेल्या बुलडोझरसमोर जाऊन बसल्या. पोलिसांनी त्यांना हातापायांना धरून उचलून नेलं. बिल स्ट्रोड या फोटोग्राफरनं ते टिपलं आणि त्यालाही अटक झाली. त्याच्या 'कुरियर-जर्नल' या वृत्तपत्राला उघड्या खाणींविरुद्धच्या मोहिमेसाठी 1967 साली पुलित्झर पारितोषिक मिळालं. गरिबी या फोटोतही आहे. पण ती कशामुळे आली तो बुलडोझरही त्यात आहे, आणि तिच्याशी भांडणारी बाईही.

1967च्या सप्टेंबरात मात्र रक्त सांडलं. लेचर काउंटीतल्या जेरमाया गावी ह्यू ओकॉनर हे कॅनडाचे चित्रपटकार एका भाडेकरू खाणकामगाराचं चित्रण करत होते. कामगाराची परवानगी घेतलेली होती. घराचा मालक बंदूक घेऊन आला आणि निघून जा म्हणाला. माणसं सामान आवरत असतानाच त्यानं गोळी झाडली. ओकॉनर जागीच गेले. खटल्यात पहिल्या ज्यूरीचं एकमत झालं नाही. पुढे आरोपीनं सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला, दहा वर्षांची शिक्षा झाली आणि एका वर्षात तो सुटला. गावातल्या कितीतरी लोकांची सहानुभूती त्यालाच होती. त्या खुनाचं समर्थन कोणी करू नये. पण माणसं इतकी कशी दुखावली गेली, हा प्रश्न उरतोच. एलिझाबेथ बॅरेट ही याच डोंगरांतली मुलगी. 2000 साली तिनं 'स्ट्रेंजर विथ अ कॅमेरा' हा माहितीपट केला आणि हाच प्रश्न स्वतःला विचारला.

या सगळ्या काळात शेल्बी ली अ‍ॅडम्स याच लेचर काउंटीत वाढत होते. जॉन्सन ओट्यावर बसले तेव्हा ते तेरा-चौदा वर्षांचे होते. पुढे क्लीव्हलंडच्या कलाशाळेत शिकायला गेले. तिथं त्यांनी 1930च्या मंदीतले सरकारी फोटो पाहिले, खेड्यांतल्या, शेतमजुरांच्या घरांतले. आपल्या डोंगरांत असंच काम करावं असं त्यांच्या मनानं घेतलं. पण हॉलरमध्ये कॅमेरा घेऊन शिरणार कसं? दार उघडलं ते त्यांच्या काकांनी. काका गावठाणातले डॉक्टर होते, दूरदूरच्या हॉलरमध्ये रोगी पाहायला जायचे. त्यांनी पुतण्याला बरोबर नेलं, ओळखी करून दिल्या. डॉक्टरचा पुतण्या म्हटल्यावर कुणी बंदूक काढली नाही. आमच्या अब्बांनाही वाड्यांवर दार उघडायचं ते भांड्यांमुळे. डोंगरात माणसाची ओळख अशी कामातूनच पटते.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. ते तिकाटण्यावर उभा करायचा मोठा कॅमेरा वापरत. चार इंच बाय पाच इंचाची एकेक फिल्म त्यात घालावी लागते. फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालतो, काचेवर त्याला समोरचं दृश्य उलटं दिसतं. असा कॅमेरा लपवून वापरता येत नाही. समोरच्यालाही ठरवायला वेळ मिळतो: कसं बसायचं, कुणाला जवळ घ्यायचं, हातात काय धरायचं. अ‍ॅडम्स आधी झटपट निघणारा पोलरॉइड फोटो काढत आणि त्या माणसांच्या हातात देत. सगळे मिळून तो पाहत, सुचवत, हसत. मग खरी फिल्म. पोलरॉइड त्या घरात राहायचा. पुढच्या फेरीत मोठे छापील फोटो घेऊन ते परत येत. पोलरॉइड कंपनीनं 2008 साली ही फिल्म बंद केल्याचं जाहीर केलं, तोवर अशा किती तसबिरी या घराघरांत लागल्या असतील, त्याची मोजदाद अवघड आहे.

नोकरीनिमित्त ते मॅसेच्युसेट्समध्ये राहिले, तिथल्या सेलमच्या कॉलेजात फोटोग्राफी शिकवली. पण सुट्टी लागली की केंटकीची वाट. त्याच घरांत, त्याच माणसांकडे. एका फोटोत आईच्या कडेवर असलेलं मूल वीस वर्षांनी दुसऱ्या फोटोत स्वतःचं मूल घेऊन उभं राहतं. 1993 साली त्यांचं पहिलं पुस्तक आलं, 'अ‍ॅपलाचियन पोर्ट्रेट्स'. मग 1998 साली 'अ‍ॅपलाचियन लेगसी', 2003 साली 'अ‍ॅपलाचियन लाइव्ह्ज' आणि 2011 साली 'सॉल्ट अँड ट्रूथ'. 2010 साली त्यांना गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली.

या पुस्तकांत काय आहे? ओटे आहेत. ओटा हीच तिथली बैठकीची खोली. तीन पिढ्या दाटीवाटीनं उभ्या आहेत, सगळे सरळ कॅमेऱ्यात पाहताहेत. आतल्या खोल्यांत शेगडी, येशूचं चित्र, भिंतभर कुटुंबाचे फोटो. घरातच ठेवलेल्या शवपेटीभोवती जमलेले आप्त आहेत. हातात विषारी साप धरून प्रार्थना करणाऱ्या पंथाची माणसंही आहेत. बायबलमधल्या एका वचनावर बोट ठेवून हा पंथ ते करतो आणि त्यात काहींचे जीवही गेले आहेत. सगळे फोटो कृष्णधवल, झळझळीत. अ‍ॅडम्स खोलीत दोनतीन दिवे लावून फोटो काढत, त्यामुळे पुढच्या माणसाच्या गालावरची सुरकुती आणि मागच्या भिंतीवरचा खिळा सारखाच स्पष्ट दिसतो. भिंग विस्तृत कोनाचं, त्यामुळे पुढचा माणूस अंगावर आल्यासारखा वाटतो.

वाद इथंच सुरू होतो. टीकाकार म्हणतात, ही प्रकाशयोजना भयपटाची आहे. न्यूयॉर्कच्या कलादालनात हा फोटो पाहणाऱ्याला हॉलर माहीत नाही, ते घर माहीत नाही. त्यानं 'डिलिव्हरन्स' पाहिलेला आहे. तो त्या फोटोत हिलबिलीच पाहणार. अ‍ॅडम्स यांचा हेतू कितीही निर्मळ असो, वाचणारा जे वाचेल त्याची जबाबदारी कुणाची? केंटकीतलेच काही शिकलेले लोक विचारतात, डोंगरात शिक्षक आहेत, नर्सा आहेत, बँकेत जाणारी माणसं आहेत, ती का नाहीत? अ‍ॅडम्स यांचं म्हणणं साधं आहे. मी गरिबीचे फोटो काढत नाही, माझ्या ओळखीच्या माणसांचे काढतो. त्यांच्याकडे पाहून तुम्हाला अस्वस्थ वाटतं, तर ती अस्वस्थता तुमची आहे.

2002 साली जेनिफर बायचवाल यांनी या वादावर 'द ट्रू मीनिंग ऑफ पिक्चर्स' नावाचा माहितीपट केला. त्यात अ‍ॅडम्स बोलतात, ए. डी. कोलमन यांच्यासारखे समीक्षक बोलतात, आणि मुख्य म्हणजे फोटोतली माणसं बोलतात. त्यांतल्या बहुतेकांना आपले फोटो आवडतात. समीक्षक ज्या फोटोला भयानक म्हणतो, त्यात घरच्यांना आपली आत्या दिसते.

सगळ्यात जास्त वाद झाला तो 1990 सालच्या एका फोटोवर. एक कुटुंब कापलेल्या डुकराभोवती उभं आहे. डुकराचा विषय माझ्या तोंडी जरा विचित्र वाटेल, पण सांगतो. थंडी पडली की डुक्कर कापायचं, मांस मीठ लावून, धुरावर धरून हिवाळ्यासाठी ठेवायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हात लावायचा, ही त्या डोंगरांतली जुनी रीत. वर्षाचा एक मोठा दिवस. आमच्या घरी बकरी ईदच्या दिवशी जी लगबग असते, वाटे घालणं, मोहल्ल्यात पोचवणं, तसंच काहीसं. या कुटुंबानं पूर्वी हे केलेलं होतं, पण तेव्हा डुक्कर परवडत नव्हतं. अ‍ॅडम्स यांनी ते विकत आणलं आणि फोटो काढला. म्हणजे प्रसंग रचलेला होता. पाहणाऱ्याला वाटतं, ही माणसं अजून अशीच राहतात.

मी या फोटोचा खूप विचार केला. अब्बांचा सदरा आणि हे डुक्कर यांत फरक काय? दोन्हीकडे फोटोग्राफरला हवं ते घडवून आणलं. डॉरिस उलमननंही तेच केलं होतं. रचलेला फोटो म्हणजे खोटा फोटो असं म्हटलं, तर लग्नातला एकही फोटो खरा उरणार नाही. मला फरक दिसतो तो पुढच्या वर्षी काय होतं यात. अ‍ॅडम्स त्या माणसांकडे परत जात राहिले. फोटो त्यांच्या हातात दिला, त्यांना तो आवडला नाही तर तोंडावर सांगायची सोय ठेवली. आमच्याकडे आलेला फोटोग्राफर परत आलाच नाही. अब्बांचा प्रश्न ऐकायला तो तिथं नव्हता.

पण एवढ्यानं वाद मिटतो का? मला नाही वाटत. एकच फोटो दोन भिंतींवर लागतो. हॉलरमधल्या घरात तो कुटुंबाचा फोटो असतो. शहरातल्या दालनात तीच माणसं नमुना होतात. पहिल्या भिंतीशी अ‍ॅडम्स प्रामाणिक राहिले. दुसऱ्या भिंतीवर काय होईल ते त्यांच्या हातात नव्हतं, हे खरं. पण ती भिंतही त्यांनीच निवडली होती, हेही खरं.

याला दुसरं उत्तर त्याच काउंटीत शोधलं गेलं. 1969 साली व्हाइट्सबर्ग इथं सरकारी मदतीतून तरुणांना चित्रपट शिकवणारी एक कार्यशाळा सुरू झाली. तिचीच पुढे 'अ‍ॅपलशॉप' ही संस्था झाली, आणि डोंगरातली मुलं आपल्या आजोबांवर, खाणींवर, गाण्यांवर स्वतः फिल्म करू लागली. 2022च्या जुलैमध्ये महापूर आला तेव्हा या संस्थेचा संग्रह पाण्यात गेला आणि लोकांनी चिखलातून फिल्मचे डबे वेचून काढले. वेंडी इवाल्ड ही फोटोग्राफर 1970च्या दशकात लेचर काउंटीत राहायला आली. तिनं शाळेतल्या मुलांच्याच हातात कॅमेरे दिले. त्या मुलांनी काढलेल्या फोटोंचं 'पोर्ट्रेट्स अँड ड्रीम्स' हे पुस्तक 1985 साली निघालं. मुलांनी आपली स्वप्नं फोटोत मांडली होती. बाहेरच्या कुणाला ती दिसली असती, असं वाटत नाही.

आता स्वतःबद्दल थोडं. एका अंकासाठी माझा फोटो काढायला आलेल्या माणसानं मला विचारलं होतं, "सर, टोपी असेल तर घालाल का?" मी एरवी टोपी घालत नाही. पण घातली. पुढे कुठल्याही कविसंमेलनाच्या पत्रिकेवर तोच फोटो. मला राग आला होता, पण तक्रार कुणाकडे करणार? टोपी माझ्याच हातांनी घातलेली.

आणि त्याहून अवघड कबुली पुढे आहे. माझ्या पहिल्या संग्रहात अब्बांवर एक कविता आहे. तिच्यात भट्टी आहे, धूर आहे आणि तोच काजळीचा सदरा आहे. संमेलनांत तिला टाळ्या पडतात. पांढऱ्या सदऱ्याबद्दल मी एक ओळही लिहिली नाही, कारण पांढऱ्या सदऱ्याला टाळी पडत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. अब्बा 1998 साली गेले. संग्रह त्याआधी आला होता. मी त्यांना प्रत दिली, त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, डोक्याला लावली आणि कपाटात ठेवली. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं आणि मी वाचून दाखवलं नाही. साप्ताहिकातल्या दोन ओळी वाचून दाखवल्या होत्या, माझी कविता दाखवली नाही. अ‍ॅडम्स शेकडो मैल गाडी चालवत फोटो परत द्यायला जायचे. मला फक्त मधला दरवाजा ओलांडायचा होता.

तो माहितीपट पाहिल्यानंतर मी ती कविता थोरल्या भाईंना वाचून दाखवली. लहानपणी ते अब्बांबरोबर भाता मारायला जायचे. त्यांनी डोळे मिटून ऐकली. म्हणाले, "भात्याचा आवाज बरोबर आलाय. पण काम करताना अब्बा गुणगुणायचे, वाड्यावरच्या बाया त्यांना मुद्दाम गायला लावायच्या. ते कुठं गेलं?"

मला ते आठवतच नव्हतं. कविता छापून गेलेली आहे, तिच्यात आता बदल करून उपयोग नाही. पण तेव्हापासून घरच्या कुणावर काही लिहिलं की छापायला देण्याआधी भाईंना वाचून दाखवतो. ते दर वेळी काहीतरी राहिलेलं सांगतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)